कुंकवाची अजून एक खेप

स्वातंत्र्याला सात-आठ वर्षे झाली होती आणि माझ्या लग्नाला चार महिने, तेव्हा माझ्या कपाळावर कुंकवाच्या जागी खाज सुटू लागली. डोक्यावरचा पदर सारखा केल्याचे सोंग करून मी नखाने हळूच खाजवायची. मग बारीक पुळ्या आल्या, फुटल्या, त्यांवर खपली धरली. खपली पडली तेव्हा खालचे कातडे पांढुरके निघाले, रुपयाएवढे गोल.

माहेर माझे रिसोडचे. सासर शिरपूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, ज्वारी-कपाशी करणाऱ्या घरात. घरात सासरे, सासूबाई, नवरा आणि नवऱ्याची आत्या. सासूबाई मोजके बोलायच्या, पण जे बोलायच्या ते दोन दिवस कानातून जायचे नाही. दिवाळी झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला अंगणात उन्हात उभी केली, हनुवटी धरून तोंड वर केले आणि कपाळ बराच वेळ निरखले.

"हे मायेरून आणलं का वं?"

मी सतरा वर्षांची आणि जिभेची तिखट. एरवी काहीतरी उलट बोलून मोकळी झाले असते. त्या दिवशी नुसती रडले, कारण त्या काय विचारत होत्या ते मला कळले होते. कोड हा शब्द घरात कोणी उच्चारला नाही. उच्चारायची गरजही नव्हती. रिसोडला आमच्या गल्लीत तशी एक बाई होती. सासरच्यांनी परत पाठवलेली. पाणी भरायला निघाली तरी पदर नाकापर्यंत ओढलेला. तिच्या जागी दुसरी आणल्याचेही गल्लीला माहीत होते. मी लहानपणी तिला घाबरायची, हे आठवून मला जास्त रडू आले.

सासूबाई सासऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "संक्रांतीलोक पाहू. वाणाले गावातल्या साऱ्या बाया येतात. तवरिक कपाळ नितळ झालं त ठीक, नाई त इच्या बापाले निरोप धाडा."

नवरा तिथेच गोठ्याच्या दारात उभा होता. तो बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. बैलाचे नशीब चांगले होते.

आत्याबाई तेव्हा ओसरीत तूर पाखडत होत्या. त्या एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन भावाकडे परत आलेल्या. घराणे विधवेचा पाट लावून देणाऱ्यांतले नव्हते, म्हणून वीस-एकवीस वर्षे इथेच राहिलेल्या. पाठ ताठ, हात कामाचे, आणि डोळ्यांत सदा थोडी थट्टा. त्यांनी सूप खाली ठेवले, माझ्याजवळ आल्या आणि माझ्या कपाळाचा वास घेतला. रडता रडता मी चक्रावले.

"मेणाचा वास खवट येते," त्या म्हणाल्या. "वयनी, हे मेणाचं काम हाय. मी करतो... मी करून पाहतो नवं मेण."

आमच्याकडच्या बाया अशाच, 'मी करतो' म्हणायच्या. रिसोडच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेल्या मला सुरुवातीला त्याचे हसू यायचे.

त्या काळी कुंकू कोरडेच लावत नसत. आधी कपाळाला मेणाचे बोट लावायचे, गोल रेखायचा आणि त्यावर कुंकू दाबायचे. मेण घरीच होई. मोहोळ झाडले की पोळे वितळवून, गाळून, त्यात तेल मुरवून डबीत भरून ठेवत. तेव्हा खोट असली तर मेणातच असणार, असे सगळ्यांनी धरून चालले. कुंकवाकडे कोणाची नजरही गेली नाही. कशी जावी? ते कुंकू देवीच्या जत्रेतून आणलेले, देवीच्या पायाला लावलेले. सासूबाईंनी ते सुनेसाठी म्हणून दोन वर्षे जपले होते. त्या स्वतः ते वापरत नसत. त्यांच्याकडे त्यांच्या आईने घरी केलेले जुने कुंकू होते, ते डबीच्या तळाशी बोटभर उरलेले. नवे, लालभडक, चांगले ते माझ्या वाट्याला आले होते, आणि त्याचा मला केवढा अभिमान होता! रोज सकाळी मी ते सढळ हाताने लावायची.

मेणाची पहिली खेप आत्याबाईंनी तिळाच्या तेलाची केली. दुपारपर्यंत ते वितळून माझ्या भुवयांवर उतरले आणि मी रागावलेल्या मारुतीसारखी दिसू लागले. दुसऱ्या खेपेला मी म्हटले, "आत्याबाई, तेल कमी करा, मेण वाढवा, अन् तिळाच्या जागी जवसाचं घाला."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी दुधात मीठ घालायला सांगितले.

"तीन गोष्टी एका बारीत? काहून वं? कुरडईचं मीठ बी बदललं, पानी बी बदललं, अन् मंग थे फाटली, त कायनं फाटली थे कसं समजन तुले? एका खेपेले एकच बदल. बाकी सारं जसंच्या तसं."

हा त्यांचा नियम. कुरडया, पापड, लोणचे, चुलीचे लिंपण, सगळ्याला तोच. त्यांना अक्षर येत नव्हते, म्हणून प्रत्येक खेप वेगळ्या करवंटीत ठेवायच्या आणि करवंटीत चिंचोके टाकायच्या. पहिलीत एक, दुसरीत दोन. कोणत्या चिंचोक्यांच्या करवंटीत काय किती पडले ते त्या झोपेतून उठवले तरी सांगत. मी चौथी पास, आणि मला आदल्या दिवशीचे आठवत नसे.

दुसऱ्या खेपेला मेण वाढवले, ते एवढे घट्ट झाले की खरवडून काढावे लागले, आणि आधीच सोलवटलेले कपाळ आणखी सोलवटले. तिसऱ्या खेपेला तेलाऐवजी तूप. मेण सुरेख मऊ झाले. पण दुपारी जरा पडले होते, तर मुंग्यांची रांग भिंतीवरून उतरून माझ्या कपाळाशी आली. मी किंचाळत उठले. आत्याबाई पोट धरून हसल्या आणि मग हसताना दिसलो म्हणून सासूबाईंनी दोघींना दळायला बसवले. चौथ्या खेपेला पुन्हा तिळाचेच तेल, मेण मात्र पहिलीहून जास्त आणि दुसरीहून कमी. ते ना वितळले, ना टोचले. मेण म्हणून ते अगदी उत्तम होते. आणि माझे कपाळ तसेच चिघळलेले.

तीन आठवडे गेले होते. मी दिवस मोजू लागले होते, आणि खरे सांगायचे तर आत्याबाईंवर चिडूही लागले होते. करवंट्या मांडून बसायला त्यांचे काय जात होते? परत पाठवणार होते ते मला. मी एकदा तसे बोललेही. त्या करवंट्या पुसत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला शेतात जेवण घेऊन बोलावले.

ज्वारी निसवून कणसे बाहेर पडली होती आणि पाखरे राखायला आत्याबाई दिवसभर शेतात असायच्या. पिकाच्या मध्यावर चार बल्ल्यांचा उंच माळा, त्यावर त्या गोफण घेऊन बसायच्या. मी वर चढले तर त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला. कपाळावर मेणाचा चकचकीत ठिपका होता.

"आठ दिवस झाले लावून," त्या म्हणाल्या. "पाह्य. काही आलं का?"

काहीच आले नव्हते. कातडे स्वच्छ.

"तुह्या कपाळाले आता सारंच झोंबते, त्याच्यावर पाहून काही समजत नाई. हाताले लावून पायलं, हाताचं कातडं निबर. माह्यं कपाळ वीस वरसं कोरं हाय. यापरीस चांगलं कुठी भेटन? मेणाचा दोष नाई."

"मग कशाचा?"

त्यांनी कमरेची पुडी काढली. माझ्याच डबीतले देवीचे कुंकू होते ते.

"आत्याबाई, देवीच्या कुंकवाले कोणी दोष देते का?" बोलताना मीही त्यांच्यासारखे बोलून गेले.

"देवीले कोन दोष देऊन राह्यलं? दुकानदारानं त्याच्यात काय रंग घातला, थे का देवीले इचारून घातला?" मग त्यांनी पुडी माझ्या हातात दिली. "इथी आरसा नाई. तू लाव."

कोणी पाहिले असते तर आम्हा दोघींचे काय झाले असते याचा विचार मनात आला, आणि त्याहून लाजिरवाणा विचार हा आला की त्यांच्या कपाळाला हे बोट लावले तर माझ्या नवऱ्याचे काही बरेवाईट तर होणार नाही ना. मी थबकलेली पाहून त्या म्हणाल्या, "गोल लावजो. वाकडं नको."

मी लावले. त्यांनी डोळे मिटले होते. वाऱ्याने ज्वारी सळसळत होती आणि खाली पाखरांचा एक थवा निवांत कणसांवर बसला होता. नेहमी पाखरू दिसले की उसळणाऱ्या त्या बाईने त्या दिवशी पाखरांना पोटभर खाऊ दिले. मग डोळे उघडून विचारले, "कसं दिसते?"

"चांगलं दिसते," मी म्हणाले. खरोखरच चांगले दिसत होते. मला त्यांचे वय त्या दिवशी पहिल्यांदा दिसले. त्या चाळिशीच्याच होत्या.

मी रोज दुपारी जेवण घेऊन जायची, कुंकू लावायची. संध्याकाळी घरी निघताना त्या नाल्याच्या पाण्याने कपाळ पुसायच्या. पाचव्या दिवशी मला लांबूनच पाहून त्या माळ्यावरून हात हलवू लागल्या.

"आलं! आलं वं पोरी, आलं!"

कपाळावर पुळ्या उठल्या होत्या, बारीक, लाल, थेट माझ्यासारख्या. अंगावर फोड उठले म्हणून एवढी खूष झालेली बाई मी पुन्हा कधी पाहिली नाही. मी त्यांच्या गळ्यात पडले आणि दोघी माळ्यासकट हललो.

त्या दिवसापासून मी देवीचे कुंकू थांबवले. घरात दिसण्यापुरते गेरूचे बोट लावायची आणि पदर पुढे ओढायची. पण गेरूवर संक्रांत निघणार नव्हती. बाजारात सगळीकडे तेच नवे लालभडक कुंकू. सासूबाईंची आई करायची तसे हळदीचे कुंकू घरी करायला हवे होते, आणि त्या म्हातारीने त्याची रीत कोणाला सांगून ठेवली नव्हती. एवढेच ठाऊक होते की हळकुंडे लागतात, आणि चुन्याने हळद लाल होते. म्हणून पहिली खेप चुन्याची. सकाळी लाल दिसणारे ते कुंकू घामाने दुपारपर्यंत पिवळे पडले आणि कपाळ चुरचुरले ते वेगळेच. मग चुना सोडून लिंबाचा रस, त्यात हळकुंडे भिजवलेली. रंग विटकरी आला. मग लिंबात टाकणखार, सोनार वापरतात तो. टाकणखार आधी कमी, मग थोडा वाढवून. भिजवायचे दिवस आधी दोन, मग चार. एका खेपेला एकच बदल. हळकुंडे मी माजघरात सुपाखाली झाकून ठेवायची आणि सासूबाईंनी विचारले तर लोणच्याचे सांगायची. आणि प्रत्येक खेप आधी आत्याबाईंच्या कपाळावर, मग माझ्या. त्यांनी तसाच नियम घातला होता.

तिसऱ्या की चौथ्या खेपेच्या वेळी, एका दुपारी, मी नुकतेच त्यांचे कुंकू रेखून हात पुसत होते तर शेताच्या धुऱ्यावर सासूबाई उभ्या. हरभऱ्याची भाजी खुडायला म्हणून त्या आल्या होत्या. माळ्याखाली येऊन त्यांनी वर पाहिले. मला वाटले, आता संक्रांतीपर्यंतही थांबायला नको, आजच गाडी जुंपतील.

आत्याबाईंनी कपाळाकडे हात नेला नाही. त्या हळूहळू खाली उतरल्या आणि भावजयीपुढे उभ्या राहिल्या. सरळ सगळे सांगितले: मेण कसे पाहिले, कुंकू कसे पाहिले, पुळ्या कशा उठल्या. "पोरीले रोग नाई, वयनी. कुंकवाच्या रंगानं झालं. माह्या कपाळावर बी तसंच झालं. पाह्य." आणि त्यांनी ठिपक्याच्या कडेने राहिलेला पांढुरका डाग दाखवला.

सासूबाईंनी तो पाहिला. मग माझे कपाळ पाहिले. दोन्ही डाग सारखेच गोल होते, कारण लावणारा हात एकच. बांधावर बसून त्यांनी माझ्या फडक्यातली भाकर मोडली, खाल्ली, पाणी प्यायल्या. मग उठताना नणंदेला म्हणाल्या, "घरी येतानी पुसून येत जा, बाई." आणि भाजी न खुडताच गेल्या.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या फडताळातली डबी काढून माझ्यापुढे ठेवली. तळाशी आईचे बोटभर कुंकू. "माह्या मायचं असं होतं. रंग असा पायजे." आणि देवीच्या कुंकवाचा डबा दुसऱ्या दिवशी त्यांनीच नाल्याच्या पाण्यात सोडला, हात जोडून.

पुढच्या दोन खेपा त्या डबीशी रंग ताडत केल्या. संक्रांतीला माझे कपाळ नितळ झाले होते, नीट पाहिल्याशिवाय डाग कळू नये इतके. वाणाला आलेल्या बायांनी कुंकवाचे कौतुक केले, कुठून आणले म्हणून विचारले. सासूबाई म्हणाल्या, "घरचं हाय." कोणाच्या हातचे ते त्यांनी सांगितले नाही, आणि सांगितले असते तर एकही बाई ते लावून घ्यायला थांबली नसती. आत्याबाई मागच्या खोलीत तिळगूळ वळत होत्या. माझ्या बापाला निरोप गेला नाही. मी त्या घरात राहिले आणि आजही आहे.

दुसऱ्या दिवशी मी करवंट्या घासायला घेतल्या. आत्याबाई शेवटची करवंटी हातात घेऊन कुंकू बोटावर पाहत होत्या.

"जराक काळं वाटते," त्या म्हणाल्या. "अजून एक खेप पायजे."

"नाही हो आत्याबाई," मी हसत म्हणाले, "आता अगदी बरोबर आहे. काही करायला नको." आणि त्यांच्या हातातून करवंटी घेऊन चिंचोके अंगणात ओतले.

आपण केवढ्या मूर्ख असतो! माझे काम झाले होते ना. त्या पदर पुढे ओढून उठू लागल्या. तेवढ्यात दारातून सासूबाईंचा आवाज आला.

"मले बी काळंच वाटते. अजून एक खेप करा. शेतात माळा हाय अजून आठ-पंधरा दिवस."

मला राग आला. म्हटले, इतके झाल्यावरही यांना खोट काढायचीच आहे. मी फणकाऱ्याने चिंचोके वेचले. वेचून वर पाहिले तर आत्याबाई सासूबाईंकडे पाहत होत्या आणि सासूबाई दुसरीकडे, अंगणातल्या तुळशीकडे. मग मला कळले, आणि माझी मलाच एवढी लाज वाटली की दोघींसमोरून उठून मी आत गेले.

पुढे दर वर्षी ज्वारी निसवायच्या सुमारास सासूबाई कुंकू बोटावर घेऊन उजेडात धरायच्या आणि म्हणायच्या, "औंदा जराक काळं आलं." एखाद्या वर्षी "फिकं आलं." मग आम्ही खेप काढायचो, मी जेवण घेऊन माळ्यावर जायची, आणि आत्याबाई डोळे मिटून कपाळ पुढे करायच्या. कुंकू पहिल्या वर्षीच बरोबर झाले होते. तसूभर बदलायची गरज नव्हती आणि आम्ही तसूभर बदललेही नाही.

अशी पाच वर्षे गेली. सहाव्या वर्षी पावसाळ्यातच आत्याबाई तापाने गेल्या. त्या साली ज्वारी निसवल्यावर मी एकटीने हळकुंडे भिजवली, वाळवली, कुटली, वस्त्रगाळ केली आणि करवंटी घेऊन सासूबाईंकडे गेले. त्यांनी चिमूटभर बोटावर घेतले आणि सवयीने उजेडात धरले.

"बरोबर हाय," त्या म्हणाल्या, आणि तोंड फिरवून रडू लागल्या.